सतरा नंबर

शिरपुरात मे महिन्यात बर्फ मिळवणं
हा प्रयोगाचा पहिला टप्पा; प्रबंधात तो लिहीत नाहीत.
आमचं यंत्र बंद. म्हणून सकाळी सातला
मासळीवाल्यांच्या रांगेत मी, थर्माकोलचा डबा घेऊन.
लतीफचाचा विचारतात, आज काय, वाम की मरळ?
मी म्हणते, मेंदू.
ते हसतात, एक ढेकूळ जास्त टाकतात.

हौदाच्या पाण्यात दूध-भुकटी कालवलेली.
पाण्याखाली बोटभर खोल एक पाट.
उंदराला तो आठवला तर पाय टेकतात,
नाही आठवला तर साठ सेकंद पोहणं.
कुणाला औषध, कुणाला नुसतं मीठपाणी
हे बडगुजर मॅडमच्या कपाटात, बंद पाकिटात.

सतराव्याच्या पाठीवर दोन पिवळे पट्टे, मीच ओढलेले.
सोडला की तो पाटाकडे जातच नाही.
एक वेढा घालतो, थबकतो,
आणि सरळ माझ्याकडे, कडेवर टेकलेल्या हाताकडे.
एकदा नाही, चारही दिवस.
पिंजरे धुता धुता सुकलाल वाकून म्हणाला,
"हाऊ भुलना नही, ताई. हाऊ तुले वयखस."
मी तक्त्यात लिहिलं: साठ सेकंद. अपयशी.
वयखसला रकाना नव्हता.

तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर,
अकरावीत दोन गुणांचं उत्तर.
शुक्रवारी त्याच मी सतराव्याच्या मेंदूतून वेगळ्या करत होते,
चार अंशांवर, बारा हजारांच्या फिरकीत,
बाहेर त्रेचाळीस,
आणि फिरकी मंदावली.
भारनियमन.
जनरेटर खोकत उठेपर्यंत
सुकलाल आणि मी नळ्यांभोवती बर्फ दाबत राहिलो.

मग पडद्यावर रेषा.
जितकी झपकन उतरेल तितका प्राणवायू खाल्ला,
तितकी आत धग.
सतराव्याची आडवीच गेली,
या दिवसांतल्या अरुणावतीसारखी,
नाव आहे, पाणी नाही.

महिन्यानं पाकीट फुटलं.
औषधवाले सरासरी एकवीस सेकंदांत पोचले होते,
त्यांच्या रेषाही चांगल्या उतरल्या होत्या.
मॅडमनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.
सतरा, मीठपाणी.

मग एवढ्याशा विजेवर
त्यानं कुठला दिवा चालू ठेवला होता,
हे मी बैठकीत विचारलं नाही.

सोमवारी नवी तुकडी, पुन्हा एक ते चोवीस.
हौदाशी उभी असताना
आता मी हात पाठीमागे ठेवते.
बर्फ चार किलो सांगून ठेवलाय.