अर्धा वाटा

(बेव्हर्ली बंदर, मॅसॅच्युसेट्स, १७७९)

लिलावाच्या सकाळी धक्क्यावर बर्फ होता,
मिठासारखा करकरणारा.
आमच्या पोरांनी धरून आणलेलं जहाज
उलट्या निशाणासकट उभं,
आणि त्याच्या पोटातून एकेक पिंप वर येत होतं
अडलेल्या बाळंतपणासारखं.

साखर, रम, मेणबत्त्या.
लाल डगल्यांसाठी विणलेली दोनशे ब्लँकेटं.
एक पियानो, ज्याच्यावर बोली लावायला
कुणालाच तोंड उघडवेना.

चाचे म्हणायचं नाही, पाद्री म्हणाले,
आपल्याकडे कागद आहे.
होता खरा. मोहर होती, सही होती.
फाशी आणि पुण्य
यांच्यामध्ये बोटभर शाई.

माझा एलियाकिम चौदाचा.
दारू वाहणारं पोर, तोफेची दारू,
म्हणून वाटा अर्धा.
त्यातलाही अर्धा त्यानं निघण्याआधीच
ट्रास्कच्या गुत्त्यात विकलेला,
बुटांच्या एका जोडासाठी.
बूट चांगले होते. मीच चरबी चोळली होती.

हे जहाज आलं.
ज्या दुसऱ्या जहाजावर
आठ जणांबरोबर त्याला चढवलं, ते
अजून यायचंय.
सहा आठवडे. वारा, म्हणतात लोक.
वाऱ्याला काय, काहीही चिकटवता येतं.

पकडलेल्यांच्या रांगेत एक पोर होतं,
ब्रिस्टलचं, स्वयंपाक्याच्या हाताखालचं,
एकाच हातात मोजा.
त्याला विचारलं: बुटांना नवी चरबी, डाव्या भुवईत खाच,
पाहिलास?

पाहिला, म्हणाला.
आमचं निशाण त्यानंच उतरवलं.
मग कठड्याला धरून ओकला.
मग मला विचारलं, बिस्किटं कुठे ठेवता.
मी दाखवली.
दुसऱ्या दिवशी होडीतून पलीकडे जाताना
त्यानं हात केला,
मला की जहाजाला, कळलं नाही.

तुझी आई? मी विचारलं.
ते बुटांकडे बघत राहिलं. माझ्या.
तेवढ्यात शिपायानं रांग पुढे ढकलली.

दुपारी ट्रास्कनं त्याचा हिस्सा कापून
उरलेला माझ्यापुढे ठेवला:
अकरा पौंड साखर, एक ब्लँकेट,
आणि रोख म्हणून काँग्रेसच्या नोटा,
ज्यांत पाव सुद्धा गुंडाळून देत नाहीत.

ब्लँकेट मी तुरुंगाच्या खिडकीशी देऊन आले.
कुणाला द्यायचं ते सांगितलं.
पोचलं का, देव जाणे.

घरी येऊन साखर पुन्हा तोलली.
चार औंस कमी भरली.
संध्याकाळी परत गेले ट्रास्ककडे,
भांडले,
अख्खं गाव गोळा होईपर्यंत भांडले
त्या चार औंसांसाठी.