दंतकथा

महिन्यातून एक शनिवार मी ओसाकातून पळतो.
पळतो म्हणजे काय, नाम्बाला दहाच्या गाडीत बसतो
आणि दिवेलागणीला घरी असतो.
एवढ्याशा पळण्याला बायको हवापालट म्हणते,
दोन भाताचे गोळे बांधून देते
आणि छत्री, कोरडं ठणठणीत ऊन असलं तरी.

बाकीचे दिवस मी दात घडवतो,
कुसुनोकी-सानांच्या कारखान्यात, चौथ्या मजल्यावर.
खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी,
तिच्यात एक माणूस चष्म्याच्या काचा घासतो.
सत्तावीस वर्षं आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवतो.

मला तोंडं दिसत नाहीत.
प्लास्टरचे जबडे येतात, सोबत चिठ्ठी:
क्रमांक, वय, रंगाची छटा.
कोण काय चावणार, कुणावर दातओठ खाणार,
ते मेण वितळवताना कळत नाही.

या वेळी कादा.
वाकायामाला गाडी बदलली. दोन डब्यांची,
अंगभर माशाचे खवले रंगवलेली,
हाताने धरायच्या कड्यासुद्धा लाकडी मासे.
समोर एक मुलगी, मांडीवर पुठ्ठ्याची पेटी.
तिथल्या देवळात लोक जुन्या बाहुल्या सोडून येतात.
पेटीतून बाहुलीचा एक पाय डोकावत होता.
मुलीनं तो आत ढकलला,
मग दोन स्टेशनांनंतर
परत थोडा बाहेर काढला.

देवळापर्यंत मी पोचलोच नाही. वाटेत धूर आडवा आला:
सोयासॉस, जळकी साखर, समुद्र.
एक म्हातारी जाळीवर शंख भाजत होती,
शंखांच्या तोंडाशी रस रटरटत होता.
मागे उलट्या क्रेटवर तिचा म्हातारा,
मांडीवर जाळं नाही, दोरा नाही,
नुसते हात.

मी सुटे पैसे मोजत होतो,
तेवढ्यात त्यानं तिला विचारलं,
अदबीनं, परक्या बाईला विचारावं तसं:
"माफ करा, आपण कोण?"

ती काही बोलली नाही.
चिमटा खाली ठेवला, वळली
आणि दात काढून हसली.

वरचा डावा सुळा. किंचित आत वळलेला,
जणू शेजारच्या दाताच्या कानात काही सांगतोय.

तीन वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी, डॉक्टरच्या गिचमिड अक्षरात:
फार सुबक नको, असं बाईंचं म्हणणं आहे.
सुळा पहिल्यासारखाच वाकडा ठेवा.
नवऱ्याला ओळख पटायला हवी.
कुसुनोकी-सान म्हणाले होते, सरळ कर रे,
लोक कारखान्याला नावं ठेवतील.
ते जेवायला गेल्यावर मी तो पुन्हा वळवला.
सात वेळा बसवला, सात वेळा काढला.
वाकडेपणाचंही एक माप असतं,
केसभर चुकलं तरी
ते तोंड दुसऱ्याचं होतं.

म्हातारा बघत राहिला. बराच वेळ.
शंखातला एक रस ऊतू जाऊन निखाऱ्यावर चुर्र झाला.
मग म्हणाला, "अगं, उशीर केलास."
"हो ना," ती म्हणाली, "गिऱ्हाईक होतं."
गिऱ्हाईक म्हणजे मी.

मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?
आणि असे सुळे या किनाऱ्यावर
आणखी दहा-बारा तरी निघतील.
काडीनं शंखातलं मांस ओढून काढलं,
शेवटचं हिरवं कडू टोकसुद्धा,
आणि सगळं उजव्या बाजूनं चावलं.
डावीकडची माझी दाढ वर्षभर ठणकते आहे
आणि मला दवाखान्याची भीती वाटते.

चारच्या गाडीत ती मुलगी होती.
मांडी रिकामी,
हात मात्र अजून पेटीच्या मापाचे.
तिला खिडकीशी जागा दिली.
नाम्बा येईपर्यंत आम्ही दोघं
एकाच काचेतून बाहेर बघत होतो.

छत्री तिथेच राहिली, क्रेटला टेकून.
आणायला जावं लागेल.