आधाररेषा

चौतीस वर्षं मी पणजीत, भूमापन खात्यात,
पोर्तुगीज दस्तांतली जमीन
मीटरमध्ये उतरवून काढली.
पाच पाल्म म्हणजे एक व्हार,
एक व्हार म्हणजे एक मीटर दहा सेंटिमीटर.
शेत तिथंच, बांध तिथंच,
बांधावरचं भांडणही तिथंच;
आकडे तेवढे कपडे बदलून यायचे.

दिवाडीत मात्र मीटर कुणी विचारत नाही.
फेरीचा धक्का किती लांब?
बोस्त्यांव सांगतो, एक विडी.
त्याची बहीण दोन हाकांवर राहते.
प्रकाशवर्ष समजावून दिलं तेव्हा म्हणाला,
म्हणजे विडीच की, फक्त ती विझत नाही.
हिच्याकडे दोनच एककं:
पयस, आणि लागीं.

साईश स्विंडनला. गोदामात, रात्रपाळी.
माझ्या जन्माची एक ओळ जुन्या नोंदवहीत सापडली,
तिच्यावर त्याचा पासपोर्ट निघाला.
फोनवर त्याचा आवाज सव्वा सेकंद उशिरा येतो.
चंद्राचा उजेड यायला लागतो तेवढाच वेळ.
हिला म्हटलं, पोरगा चंद्रावर आहे.
ही म्हणाली, उकडे तांदूळ मिळतात का विचारा तिथं.

त्यावरूनच सुचलं.
जानेवारीची रात्र, चंद्र कृत्तिकांच्या अंगाशी.
इथं अकरा, तिथं साडेपाच,
पाळीला अजून अर्धा तास.
एकाच मिनिटाला दोघांनी फोटो काढायचा.
बोस्त्यांवनं फेरीच्या दोरीनं
कॅमेरा माडाच्या बुंध्याला आवळला
आणि श्वास रोखून उभा राहिला,
जणू त्याच्या श्वासानं आभाळ हललं असतं.

मग दोन्ही फोटोंतल्या कृत्तिका
एकमेकींवर ठेवल्या, नेमक्या.
चंद्र दोन झाले.
माझा, आणि आग्नेयेला दोन चंद्रांइतका सरकलेला
त्याचा.
पुस्तकात याला पराशय म्हणतात.
लहानपणी त्याला अंगठा धरायला लावून
एकदा उजवा डोळा, एकदा डावा डोळा
मिटायला सांगायचो, तेच हे.
तेव्हा दोन्ही डोळे एका चेहऱ्यावर होते.

त्यानं आमच्यामधली रेषा कळवली:
चार हजार चारशे.
विमानाच्या वाटेची नव्हे,
पृथ्वीच्या पोटातून आरपार गेलेली.
मी भागाकार केला.
दोन लाख एकोणचाळीस हजार.
हवे होते तीन लाख चौऱ्याऐंशी.
दीड लाख किलोमीटर गेले कुठं?
पहाटेपर्यंत कोन तपासला, घड्याळ तपासलं,
दोरीची गाठसुद्धा तपासली.

सकाळी त्याचा निरोप: बाबा, ते मैल होते.

चंद्र आपल्या जागी होता.
जन्मभर एकाचं दुसऱ्यात करणारा कारकून
त्याच्या पुढ्यात एकक विचारायला विसरला.

नंतर, सहज, एक गणित केलं.
तो पलीकडे रायबंदरला राहिला असता तर?
चंद्र हलला असता एक विकला.
म्हणजे न हलल्यातच जमा.
माप खरं यायला रेषा लांब लागते.
हे त्याला कळवलं नाही.
त्याला ते गोदामात उभ्याउभ्याच कळलं असेल.

आणि ज्यांना स्थिर धरून हे सगळं केलं
त्या कृत्तिका? त्यांच्यापुढे आमची रेषा म्हणजे
मुंगीची मांड.
तिथं पृथ्वीलाच सूर्याच्या या अंगाहून त्या अंगाला जावं लागतं.
पार्सेक, सव्वातीन प्रकाशवर्षांचा एकेक,
असे सव्वाशेच्यावर मोजायचे.
काल माझ्या कॅमेऱ्यात उतरला तो उजेड
निघाला तेव्हा नदीपलीकडे
सेच्या भिंती अजून चढत होत्या.

ताऱ्यासाठी एक माप जानेवारीत घेतात,
दुसरं सहा महिन्यांनी, जुलैत.
जुलैत आमच्याकडे आभाळच नसतं.
पण साईशला तेव्हाच रजा आहे.
वर ढग, खाली आधाररेषा शून्य,
मोजता येण्यासारखं काहीच नाही.

हिनं उकडे तांदूळ आत्ताच आणून ठेवलेत.