चार बोटांचा कट्टा

भद्रावती पेठेत, गटारीपासून दीड हात सोडून
मी पहिली पेटी उभी केली तेव्हा
एप्रिल होता, आणि दुपारचे दोन.
लोखंडी दार उघडायचं तर किल्लीआधी
ओलं फडकं लागायचं.
मौलाली म्हणाला, भाकरी थाप बे ह्याच्यावर,
कडक होईल, गावाला पाठवू.

आत आठशे जोड्या.
पांढरा-निळा, पांढरा-केशरी, पांढरा-हिरवा,
पांढरा-तपकिरी, पांढरा-राखी,
मग लाल घेऊन पुन्हा पहिल्यापासून.
मी पुटपुटत जोडत होतो
आणि समोरच्या ओट्यावरनं अंबाक्का येमूल,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटांकडं न बघता विडी वळत म्हणाली,
"केशरीच्या जागी तपकिरी घातलास की रे."
वीस पावलांवरनं.

नवरा तिचा ताणा सांधायचा, दोन हजार चारशे धागे.
त्याचे डोळे गेल्यावर ही शेजारी बसून
रंग सांगायची, तो गाठ मारायचा.
हे मला नंतर कळलं.
तेव्हा मी फक्त वाकून पाहिलं.
तपकिरीच होता.

पेटी म्हणजे तशी फार काही नाही.
खाली चौथरा, त्यावर पाणसळ,
बुडबुडा मधोमध येईस्तोवर ठोकत राहायचं.
अर्थिंगला खड्डा, कोळसा, खडे मीठ
(मीठ अंबाक्काकडनंच आणलं;
"जमिनीलाबी लागतं होय?").
केबल आत शिरते ते भोक नीट बुजवायचं,
नाहीतर उंदीर.
दाराचं रबर दोन उन्हाळ्यांत पापड होतं,
म्हणून फटीत कागदाचा चिटोरा धरून
दार लावायचं आणि ओढायचं.
सहज निसटला, तर रबर गेलं.

तक्रार यायची : टोन नाही.
उघडावं तर गांधीलमाश्यांचं घर,
एकदा पालीची अंडी,
एकदा कुणीतरी जपून ठेवलेली देशी, अर्धी.
मौलालीनं झाकण घट्ट करून होती तिथं ठेवली.
दुसऱ्या दिवशी ती नव्हती
आणि टोन आला होता.
कारण आम्ही शोधलं नाही.

मग नवी पेटी आली. काचेच्या तारांची,
पोटात बॅटऱ्या, पाठीला पंखा,
दिवसरात्र हूं हूं करणारी.
जुन्या आठशेतल्या तीन जोड्या जिवंत निघाल्या.
बाकीच्या कापल्या, भंगारात घातल्या.
मूठभर तारा अंबाक्कानं मागून घेतल्या,
बंडलाचा दोरा संपला होता तिचा.
दोन बांधून पाहिले आणि परत दिल्या :
"ताठ आहे रे. ऐकत नाही."

नव्या नकाशात चौथऱ्याला चारी अंगांनी उतार.
पाणी थांबू नये,
आणि कुणी बसू नये.
तीननंतर ह्या गल्लीत सावली असते
ती फक्त पेटीची. अंबाक्का तिथं येते.
उतारावर तिचं सूप घसरलं, तंबाखू सांडली,
शिव्या तेलुगूत होत्या, पण मला कळल्या.

पुढच्या रविवारी पाव पाटी सिमेंट उरलं होतं.
म्हणजे, उरवलं होतं.
पूर्वेच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर,
चार बोटं रुंद सपाट कट्टा काढला.
चिंचोळकर साहेबांनी पट्टी लावली.
"हे नकाशात नाही."
हत्यारं ठेवायला, सर.
ते कट्ट्याकडं बघत राहिले,
सूप कट्ट्यावरच होतं.
सही केली.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी
मी पंख्याची जाळी काढतो.
ती तपकिरी झालेली असते, बारीक भुकटीनं भरलेली.
मौलाली झटकतो आणि सात-आठ शिंका देतो,
एकेका शिंकेला ओट्यावरनं हसू येतं.
रजिस्टरात कारणाचा रकाना आहे.
मी लिहितो : धूळ.