तिथीची पाऊणपट

आज शुद्ध दशमी. दहाची पाऊणपट साडेसात.
साडेसातला तुडुंब भरती, मी जोसेलिनला ठणकावून सांगितलं
आणि कयाक भाड्याने देणाऱ्या पोराने पुढे केलेला छापील तक्ता
न बघताच परत दिला.

दाभोळच्या तरीवर बाबांनी उभी हयात
घड्याळ असं वापरलंच नाही.
पेरांवर तिथी मोजायची, तिची पाऊणपट, की लोटली होडी.
मला हिशोब शिकवला. वल्हं दिलं नाही.
हाताला घट्टे पडतील म्हणाले,
उद्या कोणी बघायला आलं तर.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, उम्म अल क्वैनच्या खोरात,
तासाला चाळीस दिरहम देऊन मी वल्हं धरलं.
केशरी, प्लास्टिकचं, आणि इतकं हलकं
की मला थोडा रागच आला.

पाठपिशव्या पुढच्या कप्प्यात कोंबल्या:
तंबू, सहा लिटर पाणी, जोसेलिनचा भात,
माझ्या तांदळाच्या भाकऱ्या, सुका जवळा.
आठवडाभर आम्ही दोघी डायलिसिसच्या खाटांशी
माणसांच्या अंगातलं पाणी मोजून काढतो.
सुट्टीच्या दिवशी तरी पाणी न मोजलेलं असावं,
असं ती म्हणाली, आणि मी पाऊणपट सांगत बसले.

तिवरांच्या आतल्या गल्लीत पाचला बूड घासलं.
आधी वाटलं, दगड.
मग दोन्ही अंगांना मुळं उघडी पडत गेली,
खेकडे बाहेर आले, बगळे चालू लागले
जिथे आम्ही मघाशी तरंगत होतो.

उतरलो. गुडघ्यापर्यंत गाळ.
जोसेलिनची डावी चप्पल त्याने ठेवून घेतली.
कयाक ओढताना ती तिच्या भाषेत जे बोलली
त्याचा अर्थ मी विचारला नाही.

वाळूच्या उंचवट्यावर मोतालेब जाळं सोडवत होता,
भोला बेटाकडचा. म्हणाला, भाटा. आता रात्रीच पाणी.
माझा हिशोब ऐकून हसला नाही, हेच जास्त लागलं.
त्याच्या बापाचाही एक हिशोब होता म्हणे,
इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात बुडाला.
हा समुद्र कोंडलेला, तोंड एवढंसं,
याला आपल्याकडचा चंद्र पोचतो उशिरा.

बरोबर साडेसातला बाबांना फोन लावला.
समोर चांदण्यात चिखल, पार क्षितिजापर्यंत चिखल.
म्हटलं, चुकलं तुमचं गणित.
पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.
मग म्हणाले, वारा कुठून आहे?
मुख किती रुंद? तळाला वाळू की रेंदा?
असं कर, दोन-तीन पौर्णिमा लिहून ठेव,
तिथलीही काहीतरी पट निघेल.
तू कशात बसून गेलीस, हे त्यांनी विचारलं नाही.
मीही फोडांचं बोलले नाही;
दोन होते, एक फुटलेला.

भाकरी मोतालेबने मोडून घेतली, जवळ्याला नाक मुरडलं नाही.
जोसेलिन एक चप्पल उशाला घेऊन झोपली.
चंद्र बुडाल्यावर कधीतरी
मुळांमधून बुडबुड ऐकू आली, कोणी चूळ भरावी तशी,
आणि आमची केशरी कयाक
कुणी हात न लावता जराशी वळली.

कागद नव्हता. बॉलपेनने तळहातावर,
फोडांच्या कडेने लिहिलं:
शुद्ध दशमी. पाणी चढलं, एक चाळीस.
वारा वायव्येचा.
रेंदा.