चोवीस तासांची आठवण

फॉर्मचं नाव मात्र सुंदर: चोवीस तासांची आठवण.
काल पहाटेपासून आज पहाटेपर्यंत
तोंडात काय काय गेलं,
पेल्यांनी मोजायचं, ग्रॅममध्ये लिहायचं.
आठवणीला एवढाच पल्ला.

झोम्बाच्या पुढे, सरोवराकडे उतरणारा मातीचा रस्ता.
नामालेटा सायकल मारतात, मी मागे कॅरिअरवर,
मांडीवर प्लास्टिकचे चमचे, पेले
आणि मापासाठी दिलेला रबराचा बटाटा,
जो वाटेतली प्रत्येक शेळी हुंगून जाते.

एनिफा झाडाखाली शेंगा सोलत बसलेली.
बियाण्याच्या. म्हणजे एकही दाणा तोंडात टाकायचा नाही.
"काल काय खाल्लंत?" मी विचारते.
नामालेटा तेच चिचेवात विचारतात.
उत्तर उलट्या वाटेनं परत येतं:
"काही नाही."

मी शून्य लिहिते.
लिहिताना हात जरा अडखळतो,
पण रकान्याला अडखळणं ठाऊक नसतं.

लवनेसच्या दारी: काही नाही.
पुढच्या दारी एक म्हातारे: काही नाही,
आणि वर एक लांबलचक हसू.
अकरा घरं, सात शून्यं.
रात्री वसतिगृहात बिस्किटं खात
मी प्राध्यापकांना पत्र लिहायला घेतलं. भीषण, असा शब्द वापरला.
पण दंडाची पट्टी वेगळंच सांगत होती.
लवनेसच्या टियामिकेचा दंड पिवळ्याच्या काठावर,
तरी हिरव्यातच.
शून्यावर मुलं वाढतात?
पत्र खोडलं.

शुक्रवारी फॉर्म पिशवीतच ठेवला
आणि एनिफाच्या मागे हातपंपावर गेले.
वाटेत तिनं दोन आंबे पाडले,
रेषा दातांत अडकेपर्यंत चोखले, कोय शेळीला.
पंपापाशी कुणीतरी उकडलेला कसावा दिला, तो उभ्या उभ्या.
येताना मूठभर सुके उसिपा, डोक्यासकट.
"मग हे काय?" मी विचारलं.
"हे? हे वाटेवरचं."

खाल्लं म्हणजे न्सिमा.
मक्याचं पीठ रटरटत असताना
खांदे भरून येईस्तोवर घोटायचं,
एकावर एक थापून ताट भरायचं,
एकानं पाणी ओतायचं, दुसऱ्यानं हात धुवायचे,
आणि सगळ्यांनी त्या ताटाभोवती टेकायचं.
हे झालं नाही तर काल काही झालंच नाही.

तेव्हा माझ्याच जिभेवर कुणीतरी टपली मारली.
खाणं. जेवणं.
आम्हीही म्हणतोच की:
खाल्लं गं पुष्कळ, पण अजून जेवले नाही.
दोन्ही शब्द सामानात घेऊन आले होते,
आणि पाच आठवडे
एकाच्याच भरवशावर दारोदार फिरत होते.

सगळी घरं पुन्हा केली.
"वाटेवर काय काय लागलं?"
आंबे. कच्चे आंबे, मीठ. भोपळ्याची पानं, शेंगदाण्याचं कूट.
दिव्याखाली पकडलेली पंखवाली वाळवी, तव्यावर भाजून.
म्हातारे तर सांगता सांगता परवापर्यंत मागे गेले.
रकाने संपले, मी समासात लिहिलं.

निघायच्या दिवशी एनिफानं माझी पाटी
स्वतःच्या गुडघ्यावर घेतली.
"आता तू सांग. काल काय खाल्लंस?"
ओट्स, चाळीस ग्रॅम. एक केळं.
अंडी दोन. बिस्किटं सहा… नाही, आठ.
"कुणाबरोबर?"
हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.
"एकटीच."

तिनं नामालेटांकडे पाहिलं,
जीभ दातांत धरून, सावकाश,
माझ्या नावापुढे एक गोल काढला.

मग भांडं उचलून म्हणाली, हात पुढे कर.
पाणी गार होतं.
रबराचा बटाटा शेळीनं पळवला तो तेवढ्यात.