दिवाडीला, अर्धा दिवस

कोलव्याला चार दिवस आई पाण्यात उभी राहिली,
गुडघ्यापर्यंत, पदर खोचून,
लाटेशी जुन्या शेजारणीसारखी भांडत.
बाबा छत्रीखाली. नकाशा उलगडायचे, घडी घालायचे.
पाचव्या दिवशी म्हणाले, आता माझी पाळी.

फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही
हे त्यांना फार आवडलं.
दिवाडीला उतरताच
मोजणी खात्यात तेहतीस वर्षं मुरलेले पाय
आपोआप पावलं मोजू लागले.
एक भिंत, कमरेइतकी,
जांभ्याच्या भोकाभोकांतून नेचे उगवलेले.
"बावीस बाय चौदा. हा मंडप असणार.
की जेवणघर?"
चौदाव्या पावलाला ते थबकले:
भिंतीवर सुपं, सुपांत वाळत घातलेली सुंगटं,
आणि काठीने कावळे हाकणारी एक बाई, फिलोमेना.

"हे कधीचं असेल हो?" बाबांनी विचारलं.
"कालचंच," ती म्हणाली. "उद्यापर्यंत कडक होईल."

बाबा हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.
आई पायरीवर टेकली, चप्पल झटकली.
कोलव्याची चिमूटभर वाळू
त्या फरशीवर पडली, जिथं कधीकाळी
कुणी, कुणापुढे, वाकलं होतं कुणास ठाऊक.

परतीच्या बोटीत वाऱ्यानं वही उघडली.
मी वाचलं:
लांबी बावीस, रुंदी चौदा, छप्पर नाही.
सध्याचा वापर: सुंगटं.
आणि खाली, पेन्सिलीनं, पुसट,
उद्या पाण्यात उतरावं.
गुडघ्यापर्यंत तरी.